विंडोजशेजारी उबुंटू टाकलं आणि बूट अडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर लॅपटॉप नीट सुरू होईनासा झाला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मार’. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. बूट बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही सिस्टिम्स, तुमच्या फायली, प्रोजेक्ट, फोटो सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. बिघडलेला असतो तो सुरू होण्याचा एखादा टप्पा. तो ओळखला तर दुरुस्ती थोडक्यात आटोपते. न ओळखता रिइन्स्टॉल केलं तर धडधाकट सिस्टिमही हकनाक जाते, आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे पुढच्या अपडेटला तोच घोळ पुन्हा समोर येतो.

इथे विंडोज १० किंवा ११ आणि सोबत उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशी जोडी धरली आहे. मिंट या उबुंटूवर आधारित लिनक्सलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीच्या लहान अक्षरांत करायची.

बटण दाबल्यावर काय घडतं

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जुना बायोस नाही, युईएफआय आहे. सवयीने आपण त्याला बायोसच म्हणतो, मीही तेच म्हणेन. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायोस एक यादी सांभाळतो: ‘विंडोज बूट मॅनेजर’, ‘उबुंटू’, पेनड्राइव्ह लावला असेल तर तो. यादीतली प्रत्येक नोंद डिस्कवरची एक फाइल दाखवते. या फायली डिस्कच्या एका वेगळ्या भागात, ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे ईएसपीत असतात. हे फॅट३२ प्रकारचं छोटं पार्टिशन विंडोज इन्स्टॉल होतानाच बनतं, साधारण १०० एमबीचं. लॅपटॉप कंपन्या कधी २६० एमबीचं ठेवतात. त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत मायक्रोसॉफ्टचं एक, उबुंटूचं एक. उबुंटूच्या फोल्डरमधली शिम ही फाइल आधी चालते, शिम ग्रब या बूटलोडरला (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) सुरू करते, ग्रब मेनू दाखवतो आणि निवडलेली सिस्टिम उचलतो.

म्हणजे पाहायचे टप्पे चार: बायोसची यादी, ईएसपीतली फाइल, ग्रब, आणि शेवटी लिनक्सचा कर्नल (गाभा) किंवा विंडोज. पुढचं सगळं यातलं नेमकं काय अडलं यावर अवलंबून आहे.

पहिली तपासणी एकच. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करताना बूट मेनूची की टपटप दाबत राहा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते. मशीन इतक्या झटकन सुरू होत असेल की दाबायला वेळच मिळत नाही, तर विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट करा. निळा पडदा येतो, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ असा पर्याय असतो. त्याच्या आत बायोसच्या यादीतल्या नोंदी दिसतात. उबुंटू तिथे दिसतं का, आणि निवडल्यावर सुरू होतं का? होत असेल तर तुमचं लिनक्स ठणठणीत आहे, फक्त क्रम बदललाय. दिसतच नसेल तर नोंद किंवा फाइल गेली आहे. दिसतं पण निवडल्यावर अडतं, तर दोष शिम, ग्रब किंवा त्यापुढचा.

दर मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोज उघडतं

सगळ्यात जास्त छळणारी तक्रार हीच. महिनोन् महिने ग्रबचा मेनू व्यवस्थित येतो, मग विंडोजचं मोठं अपडेट होतं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये उघडतो. ‘लिनक्स उडालं’ म्हणून लोक घाबरतात. उडालेलं नसतं. अपडेटने बायोसच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणून ठेवलेला असतो, एवढंच.

बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर सरकवा आणि सेव्ह करून बाहेर पडा. काही बायोसमध्ये ही यादी दोन पातळ्यांवर असते: वर डिस्कचा क्रम, आणि त्या डिस्कच्या आत कोणती सिस्टिम आधी हा क्रम. लोक वरची यादी बघतात, डिस्क पहिलीच आहे म्हणून सोडून देतात, आणि आतली यादी कुणी उघडतच नाही. तीही उघडून बघा.

बायोसमध्ये सोय नसेल तर बूट मेनूतून उबुंटूत जा आणि टर्मिनलमध्ये सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून ईएफआयबूटएमजीआर चालवा. वरच ‘बूट ऑर्डर’ची ओळ दिसते, तिच्यात चार-चार आकडी क्रमांक स्वल्पविरामाने जोडलेले. खाली प्रत्येक क्रमांकासमोर नाव: ०००० समोर विंडोज बूट मॅनेजर, ०००३ समोर उबुंटू, असं काहीतरी. तीच कमांड पुन्हा, या वेळी डॅश ओ लावून, उबुंटूचा क्रमांक आधी आणि विंडोजचा नंतर असा क्रम द्या. तुमच्या मशीनवरचे आकडे वेगळे असतील, दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटमधले उतरवू नका.

बायोस अपडेट किंवा रिसेट केल्यावर मात्र कधी कधी नोंदच पुसली जाते. विंडोज आपली नोंद स्वतःहून पुन्हा घालतं, उबुंटूची तशीच राहून जाते. ईएसपीतली फाइल जागेवर असते, म्हणून बऱ्याच बायोसमध्ये ‘ॲड बूट ऑप्शन’ घेऊन ईएसपीतल्या उबुंटू फोल्डरमधली शिमची फाइल दाखवली की काम होतं. नाव काहीही द्या.

आता हट्टी बायोस. काही लॅपटॉपचा बायोस असा लिहिलेला असतो की यादीत काहीही ठेवा, तो विंडोजचीच फाइल शोधून चालवतो. क्रम लावून बाहेर पडलात की पुढच्या वेळी क्रम पुन्हा पहिल्यासारखा. आधी बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड लावून पाहा. काही मशीनवर तो लावल्याशिवाय बूटची फाइल विश्वासार्ह म्हणून निवडण्याचा पर्याय करडाच राहतो, पासवर्ड लावला की उघडतो. पासवर्ड लिहून ठेवा, विसरलात तर तो काढणं फार कटकटीचं आहे. तेही नसेल तर विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिटने विंडोज बूट मॅनेजरच्या नोंदीचा पाथ उबुंटूच्या शिमकडे वळवता येतो. हा उपाय चालतो, पण एखाद्या अपडेटनंतर पाथ पूर्ववत होतो आणि पुन्हा करावा लागतो. म्हणून तो मी शेवटचा ठेवतो.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब परत बसवणं

ईएसपीतली उबुंटूची फाइलच गेली असेल तर ग्रब पुन्हा बसवावा लागतो. उबुंटूचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लावा, ‘ट्राय उबुंटू’ने आत जा, बूट-रिपेअर हे टूल टाका आणि त्यातली शिफारस केलेली दुरुस्ती चालवा. टूल चांगलं आहे, फक्त पेनड्राइव्ह योग्य मोडमध्ये सुरू झाला पाहिजे. बूट मेनूत बघा: एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘युईएफआय’ असं लिहून. निवडायचा तो दुसरा. नुसत्या नावाचा निवडलात तर जुना लेगसी मोड चालू होतो आणि टूल ग्रब भलत्याच पद्धतीने बसवतं.

टूल नको असेल तर हातानेही होतं, आणि काय चाललंय ते त्यात जास्त कळतं. लिनक्सचं मूळ पार्टिशन माउंट करायचं (म्हणजे वापरासाठी जोडायचं), त्याच्या आत बूट फोल्डरमधल्या ईएफआयवर ईएसपी माउंट करायची, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही फोल्डरं बाइंड करायची, मग सीएचरूट करून (म्हणजे डिस्कवरच्या त्या सिस्टिमच्या आत शिरून) ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवायचं. ईएसपी माउंट करायची राहिली तर ग्रब-इन्स्टॉल एरर देतं. लोक अडकतात ते इथेच.

याच मोडच्या गोंधळातून आणखी एक बिघाड जन्मतो. विंडोज युईएफआय मोडमध्ये आणि उबुंटू लेगसीत बसलं, तर दोघं एकमेकांना उचलू शकत नाहीत. बायोसमध्ये मोड बदलला की एक सुरू होतं, परत बदलला की दुसरं. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालवा, ‘बायोस मोड’समोर काय आहे ते कळेल. लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर, त्याच्या आत ईएफआय हे फोल्डर आहे का बघा. असेल तर युईएफआय. दोन्ही युईएफआयमध्ये आणणं हाच मार्ग. विंडोजला हात लावू नका, उबुंटूचाच ग्रब नीट मोडमध्ये बसवा.

उलट तक्रार: विंडोज दिसत नाही

ग्रब येतो, उबुंटू चालतं, पण मेनूत विंडोजचं नावच नाही. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवला आहे. उबुंटू २२.०४ मध्ये हीच आवृत्ती आली आणि तेव्हापासून हा प्रश्न सतत विचारला जातो. ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब ही फाइल सुडोने उघडा, ग्रब डिसेबल ओएस प्रोबर या ओळीच्या सुरुवातीचं हॅश (#) चिन्ह काढून किंमत फॉल्स करा (ओळ नसेल तर लिहा, सगळी नावं मोठ्या अक्षरांत आणि अंडरस्कोअरने जोडून). मग अपडेट-ग्रब चालवा. चालताना विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ टर्मिनलवर दिसली की समजा झालं.

ओळ दिसली नाही तर ईएसपीतलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर आहे का ते पाहा. इन्स्टॉल करताना पार्टिशन हाताने निवडणारे लोक ईएसपीसमोरची फॉरमॅटची खूण ठेवून देतात आणि विंडोजच्या बूट फायली पुसल्या जातात. विंडोज स्वतः तरीही शाबूत असतं. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून रिपेअर, मग कमांड प्रॉम्प्ट, तिथे डिस्कपार्टने ईएसपीला एखादं अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूटला विंडोजच्या फोल्डरचा पाथ, ईएसपीचं अक्षर आणि युईएफआय हा प्रकार सांगायचा. रिपेअरमध्ये विंडोजचं ड्राइव्ह सी असेलच असं नाही, डीआयआर करून खात्री करा. जुन्या व्हिडिओंत इथे बूटरेक फिक्स-एमबीआर सांगतात. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. युईएफआय तिथून बूटच करत नाही, त्यामुळे त्या कमांडचा इथे उपयोग शून्य.

बिटलॉकर, आणि दर वेळी मागितली जाणारी की

यावर मला जरा आग्रहाने बोलायचंय, कारण यात डेटा खरोखर जाऊ शकतो. अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, मालकाला पत्ता नसताना चालू असतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की बहुतेक मशीनवर ते आपोआप चालू होतं. मग तुम्ही सिक्युअर बूट (फक्त सही असलेले विश्वासार्ह बूट प्रोग्राम चालू देणारी बायोसची सोय) बंद करता, विंडोज उघडायला जाता आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. की हाताशी नसेल तर पुढे वाट नाही, कोणत्याही दुकानात नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी, अगदी पेनड्राइव्ह लावण्याआधी, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या पानावर की दिसते का ते बघा आणि ती कागदावर लिहा. स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. त्यानंतरच बायोसला हात लावा, आणि त्याआधी बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा.

काहींना एक वेगळाच त्रास होतो: ग्रबच्या मेनूतून विंडोज निवडलं की वारंवार की मागितली जाते, थेट उघडलं की नाही. सुरू होताना कोणकोणत्या फायली चालल्या याची नोंद टीपीएम चिप ठेवते आणि बिटलॉकर तिच्यावर विसंबतो. मध्ये शिम आणि ग्रब आले की ती नोंद बदलते. अशा मशीनवर विंडोजसाठी ग्रब वापरूच नका, बायोसच्या बूट मेनूतून थेट विंडोज निवडा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

इन्स्टॉलर पार्टिशनच्या पानावर येतो आणि फक्त पेनड्राइव्ह दाखवतो, किंवा इंटेल आरएसटी बंद करा असं सांगून थांबतो. बायोसमध्ये डिस्क कंट्रोलर रेड किंवा आरएसटी मोडवर असतो, तो एएचसीआयवर आणायचा असतो. थेट बदललात तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून पडतं, कारण त्याचा एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड होत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटची खूण करा, रिस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, मोड बदला आणि विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या. ड्रायव्हर बसतो. मग खूण काढून नेहमीसारखं रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन अनेकदा चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड आठवत असू द्या. बिटलॉकर चालू असेल तर वरचं सगळं इथेही लागू. दोन डिस्क जोडून खरंच रेड केलेलं असेल तर हा मोड बदलू नका.

सिक्युअर बूट

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या लॅपटॉपवर उबुंटू निवडताच काळ्या पडद्यावर शिमचा एसबॅट डेटा (बूटलोडर जुना-असुरक्षित तर नाही हे सांगणारी नोंद) पडताळताना अपयश आल्याची ओळ येऊ लागली. तिच्याखाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’, आणि मशीन बंद. ग्रबमधली जुनी सुरक्षा-त्रुटी बंद करण्यासाठी त्या अपडेटने जुने बूटलोडर नाकारायला सुरुवात केली. ड्युअल बूटच्या मशीनवर ते लागू व्हायला नको होतं, पण काही मशीनवर दोन सिस्टिम आहेत हे ओळखलं गेलं नाही. मायक्रोसॉफ्टने हे मान्य केलं होतं. जुन्या मशीनवर हे अजून दिसू शकतं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जा, मॉकयूटिलने एसबॅट पॉलिसी डिलीट वर ठेवा, एकदा रिस्टार्ट होऊन उबुंटूत परत या, सगळी अपडेट घ्या आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. कायमचं बंद ठेवायची गरज नाही.

एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो, कोणतीही की दाबा असं म्हणतो आणि १० सेकंद मोजतो. चहा आणायला उठलात की पडदा गेला आणि ड्रायव्हर सिक्युअर बूटखाली चालतच नाही. की दाबा, ‘एनरोल मॉक’ निवडा, ठरवलेला पासवर्ड द्या. ग्रबनंतर पडदा काळाच राहत असेल तर ग्रबच्या मेनूत उबुंटूवर थांबून ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हे एका वेळेपुरतं असतं. आत गेल्यावर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर बसवा.

थोडं फास्ट स्टार्टअपबद्दल

विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा हायबरनेट करून डिस्कवर ठेवतं. तशा अवस्थेत लिनक्सने विंडोजचं पार्टिशन उघडलं की ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, किंवा उघडतच नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये हे बंद करा. अपडेटनंतर ते परत चालू झालं का हेही अधूनमधून बघा. घाईत असाल तर शट डाउनऐवजी रिस्टार्ट करून लिनक्समध्ये जा, रिस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

विंडोजमधलं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडत असेल तर तो बिघाड नव्हे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलने सेट-लोकल-आरटीसी १ केलं की दोघांचं जमतं.

लिनक्स काढून टाकल्यावर, किंवा बाहेरची डिस्क काढल्यावर

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रबची पहिली फाइल ईएसपीत शिल्लक असते, पण तिचा मेनू मात्र त्या पुसलेल्या पार्टिशनवर होता. तिथे एक्झिट टाइप करून एंटर मारा, बहुतेक मशीनवर बायोस यादीतली पुढची नोंद, म्हणजे विंडोज, उचलतो. ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहिलेलं असेल तर बूट मेनूतून विंडोज निवडा.

बाहेरच्या एसएसडीवर उबुंटू टाकणाऱ्यांचीही हीच गत होते. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर बूटलोडर बाहेरच्या डिस्कवर टाकायला सांगितलं तरी तो लॅपटॉपमधल्या पहिल्या डिस्कच्या ईएसपीतच ठेवत असे. एसएसडी काढली की लॅपटॉप ग्रबच्या प्रॉम्प्टवर अडकतो. तेव्हा बाहेरच्या डिस्कवर टाकायचं असेल तर आतली डिस्क बायोसमधून बंद करून किंवा काढून ठेवून इन्स्टॉल करा.

लिनक्स कायमचं काढायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी बायोसमध्ये विंडोज पहिलं करा आणि एकदा सुरू होऊ द्या. मग लिनक्सची पार्टिशन डिलीट करा. नंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉलने ईएसपीला अक्षर देऊन ईएफआयच्या आतलं फक्त उबुंटू नावाचं फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरना हात लावू नका.